पेढे वाटून बंद झालेला ओव्हरटाइम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारखान्यांत दिवसाला नऊऐवजी बारा तास काम घेण्याची मुभा आणि तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास, या बदलांना राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून या विषयावरची वाचकांची पत्रं मी वाचतोय. कुणी लिहितं पोरांना चार पैसे जास्त मिळतील, कुणी लिहितं पोरांची कंबर मोडेल. जादा काम केलं की जादा पैसे मिळतात, हे मात्र दोघंही धरून चालतात.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी आणि तास मोजणाऱ्या खात्यात, कारकून होतो. आमच्याकडं ओव्हरटाइमला सगळे ओटीच म्हणत. (बायको म्हणायची, तुमच्या कंपनीत बायांपेक्षा गड्यांच्याच ओट्या जास्त भरतात.) हा ओटी कुणाला लागू आणि कुणाला नाही, हे संगणकात प्रत्येकाच्या नावापुढच्या एका चौकटीतल्या खुणेवर ठरायचं. खूण करायची किंवा काढायची, हे काम माझं.

२०१८ च्या दिवाळीआधी अकरा ऑपरेटरांना बढतीची पत्रं निघाली. पद, ज्युनिअर ऑफिसर. त्यांतला एक पोरगा गेवराई तालुक्यातला, आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे. तो पेढ्यांचा पुडा घेऊन टाइम ऑफिसच्या खिडकीत आला. "काका, घ्या. साहेब झालो." मी पेढा खाल्ला आणि दुपारी त्याच्या नावापुढची खूण काढली. पत्रासोबत तशी सूचनाच आली होती.

दोन महिन्यांनी तो परत खिडकीत. "काका, बढती झाली ना माझी? मग पगार कमी कशामुळं आला?"

मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. आधीचा पगार २०,८०० रुपये. सव्वीस दिवस, आठ तास, म्हणजे तासाला १०० रुपये. ओटी दुप्पट, म्हणजे २००. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, उशिरा यायचा, म्हणून महिन्यात सोळा दिवस तरी दोन-दोन तास जास्त थांबायला लागायचं. त्याचे ६,४०० व्हायचे. बढतीत वाढ मिळाली १,५०० ची. रिलिव्हर अजूनही उशिराच येत होता. हिशेब पाहून तो गप्प झाला. म्हणाला, गावाकडं आईला सांगू नका. मी कशाला सांगतोय? पण तिकडं टोळीत तिनं सगळ्यांना पोरगं साहेब झालं म्हणून सांगून ठेवलं होतं.

आता साहेब म्हणजे काय ते बघा. त्याच्याकडं आधी दोन सीएनसी मशीन होत्या, त्याच दोन राहिल्या. जॉब लावणं, व्हर्निअरनं माप घेणं, रजिस्टर भरणं, सगळं तेच. हाताखाली माणूस एकही नाही. कुणाची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करायचा किंवा गेटपासवर सही करायचा अधिकार नाही. युनिफॉर्मचा रंग तेवढा बदलला. आणि ज्याचा ओटी बंद, त्याचे तास मर्यादेतही कुणी मोजत नव्हतं. ऑपरेटरला तिमाहीत ११५ च्या वर थांबवायचं नाही म्हणून आम्ही लक्ष ठेवायचो, ऑफिसरला कितीही थांबवा.

निवृत्तीनंतर मी संध्याकाळी एका कामगार वकिलांकडं टायपिंगला जातो. तिथं जे कळलं त्यानं माझी झोप उडाली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्ये दुप्पट मोबदला होता आणि कलम ६४ मध्ये देखरेख किंवा व्यवस्थापनाच्या जागेवरच्या माणसांना कामाच्या तासांच्या नियमांतून सूट होती, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण त्याच कलम ६४ ला एक परंतुक, म्हणजे जोडलेली अट, होती. माणूस अशी सूट असलेल्यांत बसला तरी त्याचं वेतन वेतन प्रदान कायद्याच्या मर्यादेत असेल, तर ओव्हरटाइम द्यावाच लागायचा. ती मर्यादा २०१७ पासून महिन्याला २४,००० होती. माझ्या गेवराईच्या साहेबाचा पगार होता २२,३००. म्हणजे तो खरोखरचा सुपरवायझर असता तरी त्याचे पैसे देणं लागत होतं.

आणि तो सुपरवायझर नव्हताच. कामगार कोण हे ठरवताना माणसाचं मुख्य काम काय ते आधी बघायचं, पदाच्या नावावर जायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच अरकल गोविंद राज राव विरुद्ध सिबा गायगी या खटल्यात सांगितलेलं आहे. माझ्या भाच्याची मुलगी पुण्यात बसून एका अमेरिकन कंपनीचे पगार काढते. तिकडं माणसांचे दोन गट, एक्झेम्प्ट (ओव्हरटाइम लागू नसलेले) आणि नॉन-एक्झेम्प्ट (लागू असलेले). १९३८ चा कायदा, आठवड्याला चाळीस तासांच्या वर दीडपट. पण एक्झेम्प्टमध्ये टाकायचं तर केंद्रीय नियमाप्रमाणं सहसा आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार हवा आणि कामही खरंच तसं हवं. नुसतं मॅनेजर लिहून तिथंही भागत नाही म्हणे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत दुप्पट मोबदला आहे, पण तो 'कामगारा'साठी. देखरेखीचं काम करणाऱ्याचं वेतन १८,००० च्या वर गेलं की तो कामगार राहत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात ही रेषा १०,००० वर होती, म्हणून कुणी तिला सुधारणा म्हणेल. पण ओव्हरटाइमपुरता जुना आधार २४,००० चा होता, तो खाली आला. म्हणून आता 'सुपरवायझर' हा शब्द पोरांना आणखी महाग पडणार. टाइम ऑफिसमध्ये सध्या बसणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं की १८,००० मोजताना घरभाडं आणि प्रवासभत्ता धरायचा नाही, फक्त असे भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा.

मागणी एकच. तपासणीला येणाऱ्यांनी ज्युनिअर ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह, टीम लीडर अशा नावांच्या लोकांचंही पंचिंग मागावं आणि त्यांच्या हाताखाली किती माणसं आहेत ते लाइनवर जाऊन बघावं. आमच्याकडं तपासणीला लोक आले की कामगारांचं मस्टर मागायचे. मी ते द्यायचो. ऑफिसरांचं पंचिंग त्याच संगणकात होतं, छापायला दोन मिनिटं लागली असती. सव्वीस वर्षांत ते कुणी मागितलं नाही, आणि मीही आपणहून पुढं केलं नाही.

आपला,
एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर
(कृपया नाव छापू नये.)