एक्सपोर्ट करताना फोल्डरची रचना मोडते, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: सामायिक अहवाल सॉफ्टवेअरमधील फाइलींची अव्यवस्था

महोदय/महोदया,

आमचा संशोधन गट आपले सॉफ्टवेअर वर्गणी भरून वापरतो. एकाच मजकुरावर सगळ्यांना एकाच वेळी काम करता येते आणि ते खरोखर चांगले चालते. तक्रार आहे ती फाइलींबद्दल.

प्रकल्प सुरू करतानाच आम्ही रचना ठरवली होती. मूळ नोंदी, कोड, आकृत्या आणि मजकूर यांचे वेगवेगळे फोल्डर. फाइलच्या नावात आधी तारीख, तीही आयएसओ ८६०१ या तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे नावावरून लावल्या तरी फाइली तारखेच्या क्रमानेच लागतात. हे सगळे आपल्या टेम्प्लेटमध्ये बसवले, पण ते टेम्प्लेट लॉक करता येत नाही. कोणीही फाइल कुठेही टाकतो आणि सॉफ्टवेअर अवाक्षर न काढता ती ठेवून घेते. मूळ नोंदींचा फोल्डरसुद्धा ‘फक्त वाचण्यासाठी’ ठेवता येत नाही, हे मला सर्वांत धोक्याचे वाटते.

खरे नुकसान एक्सपोर्टने केले. पीडीएफ तयार करताना आपले सॉफ्टवेअर सगळ्या फोल्डरमधल्या फाइली एकाच ठिकाणी ओतते. आमच्या चालू आकृत्यांत एक ‘आकृती-३’ होती आणि ‘जुने’ या फोल्डरमध्ये त्याच नावाची दुसरी. दोन्हींपैकी एक राहिली, ती जुनी. ना इशारा, ना नोंद. पडद्यावर आलेख बरोबर दिसत होता. पीडीएफमध्ये मात्र जुनी आकृती आल्याने मजकुरात मिलिमोल हे एकक आणि आलेखाच्या अक्षावर त्याच्या हजाराव्या भागाएवढे मायक्रोमोल. परीक्षकांनी नेमके तेच पकडले आणि आमच्या मोजमापांवरच शंका घेतली. मोजमापे बरोबर होती.

आपल्या प्रतिनिधींनी उत्तर दिले की, गटाने नावे देताना शिस्त पाळावी. हे मला मान्य नाही. दोन फोल्डरमध्ये एकाच नावाच्या फाइली असणे ही बेशिस्त नव्हे. फोल्डर असतात ते त्यासाठीच. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकत असे, म्हणून २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीला ती नावेच बदलावी लागली. असा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली. तोवर किती तक्ते बिघडले असतील! सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे संशोधकांनी वाकायचे, हे पुन्हा होऊ नये.

एक्सपोर्टमध्ये फोल्डर जसेच्या तसे राहिले पाहिजेत आणि एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर आल्या तर काम तिथेच थांबले पाहिजे. हे तातडीने हवे. टेम्प्लेट लॉक करण्याचा आणि मूळ नोंदी सुरक्षित ठेवण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुखाला द्यावा. शिवाय लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी इंग्रजी लहान आणि मोठ्या लिपीतली नावे वेगळी असतात, विंडोजवर सहसा नसतात. अपलोड करतानाच असा फरक दाखवून द्यावा.

सोबत एक्सपोर्टची झिप फाइल आणि मूळ प्रकल्पातील फोल्डरच्या यादीचे चित्र जोडले आहे. सुधारणा कधी होणार हे लेखी कळवावे. वर्गणीच्या नूतनीकरणाचा निर्णय आम्ही ते उत्तर आल्यावरच घेऊ.

आपली,
अहवाल समन्वयक