पेरणीच्या हंगामात मांडव: बेथपेज ब्लॅकबद्दल न्यूयॉर्कच्या उद्यान आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
राज्य उद्यान विभाग, न्यूयॉर्क यांस

सविनय नमस्कार.

आपल्या अखत्यारीतल्या बेथपेज स्टेट पार्कमध्ये लाँग आयलंड, क्वीन्स आणि न्यू जर्सीतून येऊन गोल्फ खेळणारे आम्ही काही मराठी लोक आहोत. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी दिली आहे. मराठीत लिहितोय, कारण इकडची आपली पुष्कळ मंडळी हल्ली हा खेळ शिकताहेत आणि पहिली फेरी सरकारी मैदानावरच खेळताहेत. त्यांच्या मैदानाचं काय चाललंय हे त्यांनाही कळायला हवं.

2002 साली बेथपेजमधल्या ब्लॅक कोर्स या मैदानावर यूएस ओपन ही गोल्फमधली एक सर्वांत मोठी स्पर्धा झाली. सरकारच्या मालकीच्या आणि सरकारनेच चालवलेल्या मैदानावर ही स्पर्धा तोपर्यंत कधीच झाली नव्हती, म्हणून तिला ‘जनतेचं ओपन’ म्हटलं गेलं. टायगर वूड्स जिंकला आणि पारच्या, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांच्या, आत राहिलेला तो एकटाच खेळाडू होता. हे मैदान 1936 साली खुलं झालं. मंदीच्या काळात बेकारांना काम द्यायचं म्हणून सरकारी योजनेतून मजूर लावून ते बांधलं गेलं. ज्यांच्या खिशात क्लबच्या सभासदत्वाचे पैसे नाहीत त्यांना उत्तम मैदान मिळावं, हा त्यामागचा हेतू होता. आम्ही तोच शब्द धरून बसलो आहोत.

सप्टेंबर 2025 मध्ये याच मैदानावर रायडर कप, म्हणजे अमेरिका आणि युरोप यांच्या संघांमधला सामना, झाला. सामन्याच्या एका दिवसाचं तिकीट सुमारे 750 डॉलर होतं. शनिवार-रविवारी ब्लॅकवर अठरा होलांची एक पूर्ण फेरी खेळायला राज्याच्या रहिवाशाला 80 डॉलरच्या घरात पडतात. म्हणजे दोरीबाहेर उभं राहून एक दिवस बघायचे पैसे नऊ फेऱ्यांइतके झाले. दर आयोजकांनी लावला, हे आम्हाला माहीत आहे. पण जमीन त्यांची नव्हती. ती जनतेची आहे आणि जनतेच्या वतीने सही करणारे आपण आहात. आता 2028 साली महिलांची आणि 2033 साली पुरुषांची पीजीए चॅम्पियनशिप ही तशीच मोठी स्पर्धा याच मैदानावर ठरली आहे. या स्पर्धा जरूर व्हाव्यात. फक्त त्या होण्याआधी गवताचा हिशेब कागदावर यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

गवतापासूनच सुरुवात करतो, कारण तिकिटांवर सगळे बोलतात आणि गवतावर कुणी बोलत नाही.

लाँग आयलंडवरची बेंटग्रास, रायग्रास, ब्लूग्रास, फेस्क्यू ही सगळी थंड हवेतली गवतं. जुलै-ऑगस्टच्या उन्हात त्यांची मुळं आखडतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत रात्री गार होतात, जमीन मात्र अजून उबदार असते, तेव्हा ती पुन्हा खोल जातात. वर्षातली खरी पेरणी आणि जमीन मोकळी करण्याचं काम याच पाच-सहा आठवड्यांत करायचं असतं. आपल्याकडचा शेतकरी नक्षत्र बघतो, तशीच ही गोष्ट. ऑक्टोबरच्या मध्यानंतर टाकलेलं रायग्रास कसंबसं उगवतं. ब्लूग्रासला चांगल्या हवेतही दोन ते चार आठवडे लागतात, ते थंडीत अडकतं ते वसंतापर्यंत. आणि रायडर कप कधी झाला? 26 ते 28 सप्टेंबर. नेमक्या पेरणीच्या आठवड्यात रोज 50 हजारांच्या आसपास माणूस त्या जमिनीवर उभा होता.

एवढी गर्दी चालली की जमिनीचे वरचे तीन-चार इंच दाबून बसतात. मातीतल्या हवेच्या पोकळ्या बुजतात, पाणी मुरायचं थांबतं, मुळं वरच्या वर पसरतात. सगळ्यात वाईट अवस्था होते ती स्वयंसेवक दोरी उघडून लोकांना फेअरवे (खेळायची कातरलेली पट्टी) ओलांडू देतात तिथे, कारण तीच दहा-पंधरा फुटांची पट्टी दिवसभर तुडवली जाते. पाऊस पडला असेल तर नुकसान कित्येक पट. 2009 ची यूएस ओपन इथे पावसात झाली आणि सोमवारी संपली. वाफसा नसताना रानात पाय घालू नये हे ज्याला कळतं, त्याला त्या आठवड्यात जमिनीचं काय झालं असेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

तपासणं सोपं आहे. साधा सहा इंची स्क्रूड्रायव्हर घ्या. पावसानंतर दुसऱ्या दिवशी तो रोजच्या रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) तळहाताने दाबा, मुठीपर्यंत जातो. मग गर्दी ओलांडायची त्या पट्टीत दाबा. इंचभर जाऊन अडला तर समजा की वरची हिरवी रंगत फसवी आहे. अशा जागी पुढच्या उन्हाळ्यात नॉटवीड नावाचं जमिनीलगत पसरणारं तण येतं. दाबलेल्या मातीत गवत हरतं तिथे ते जिंकतं, म्हणून जाणकार त्याला बघूनच जमिनीचं दुखणं ओळखतात.

यावर उपाय आहेत आणि आपल्या मैदानावरच्या कर्मचाऱ्यांना ते आमच्यापेक्षा जास्त कळतात, याबद्दल शंका नाही. पाऊण इंच व्यासाच्या पोकळ सुळ्यांचं यंत्र आडवं-उभं दोनदा फिरवायचं, निघालेल्या मातीच्या गुल्ल्या उचलायच्या, खोल दाबलेल्या जागी आठ ते दहा इंच जाणारे भरीव सुळे वापरायचे, भोकांत वाळू ओढायची, मग बी. रायग्रास असेल तर हजार चौरस फुटांना सहा ते आठ पौंड, ब्लूग्रास असेल तर दोन-तीन पौंड. उगवेपर्यंत वरचा अर्धा इंच ओला राहील असं दिवसातून तीनदा थोडं थोडं पाणी. आणि त्यानंतर माणूस लांब ठेवायचा. हे शेवटचं सर्वांत कठीण, कारण मैदान लवकर उघडायचा दबाव असतो.

गडबड इथेच होते. घाई असली की नुसतं रायग्रास टाकतात. ते आठवड्याभरात उगवतं, फोटोत हिरवंगार दिसतं. पण ते झुबक्यांनी वाढतं, ब्लूग्राससारखं जमिनीखालून पसरत नाही, त्यामुळे एक झुबका मेला की तिथे भोकच राहतं. दमट उन्हाळ्यात त्याला पानांवरच्या करड्या ठिपक्यांचा रोग लागला तर काही दिवसांत पट्टेच्या पट्टे जातात. दुसरा आडमार्ग म्हणजे तयार हिरवळीच्या गुंडाळ्या आणून अंथरणं. खालची जमीन मोकळी न करता त्या टाकल्या तर त्या सतरंजीसारख्या नुसत्या पडून राहतात. लोखंडी गोल्फ-काठीचा एक फटका बसला की अख्खी चकती हातात येते. ज्याच्या चेंडूला अशी जागा मिळते, तो 80 डॉलर भरूनच तिथे उभा असतो.

मांडवांचं दुखणं वेगळंच. प्रेक्षकांचे मनोरे आणि कंपन्यांचे वातानुकूलित तंबू स्पर्धेच्या कितीतरी आठवडे आधी उभे राहायला लागतात. लाकडी फरशीखालचं गवत उजेड आणि वारा न मिळाल्याने पिवळं पडून मरतं, ते गृहीतच धरलेलं असतं. शिवाजी पार्कवर सभेचा मांडव उठला की क्रिकेटची पोरं खड्डे बुजवत बसतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. ब्लॅकवर रोजच्या खेळाडूला बॅटरीची गाडी चालवायला मनाई आहे, पिशवी खांद्यावर टाकून किंवा ढकलत पायीच जायचं. योग्य नियम आहे, आम्ही तो आनंदाने पाळतो. सत्तरीतले लोकही पाळतात. मग त्याच जमिनीवरून फोर्कलिफ्ट आणि मालट्रक जातात, तेव्हा खाली कसल्या पट्ट्या अंथरल्या, किती दिवस ठेवल्या आणि उचलल्यावर खालच्या जमिनीची मोजणी कुणी केली, हे विचारायचा आम्हाला हक्क आहे.

आता माणसांचा हिशेब. दर दहा मिनिटांनी चौघे सोडले तर तासाला 24 आणि नऊ तासांत 216 खेळाडू होतात. ब्लॅक सोमवारी बंद असतो, म्हणजे आठवड्याला सुमारे 1300 फेऱ्या. हा आमचा ढोबळ हिशेब आहे. हिवाळा-पावसाळा धरला तर कमी भरेल, पण निम्मा धरला तरी मैदान बंद राहिलेल्या प्रत्येक आठवड्याला साडेसहाशे लोक परत गेले. बंदच्या आठवड्यांमध्ये स्पर्धेआधीचे धरा, नंतरचे धरा, शिवाय आठवडेच्या आठवडे अर्धवट चालू असतात तेही धरा. आणि ब्लॅक बंद झाला की ती गर्दी याच पार्कमधल्या रेड, ब्लू, ग्रीन, यलो या मैदानांवर लोटते. तिथेही पाच तासांची फेरी सहा तासांची होते. स्पर्धेने किती हॉटेलं भरली हे सांगणारे खूप असतात. या फेऱ्यांचा आकडा त्या हिशेबात कुणी वजा करून दाखवत नाही.

आणि या फेऱ्या मिळवायच्या कशा, तेही बघा. खेळायच्या वेळा ऑनलाइन सुटल्या की बघता बघता संपतात. उरतो तो गाडीतळ. क्रमांक घातलेल्या कप्प्यात आदल्या दुपारी गाडी लावायची, रात्र पुढच्या सीटवर काढायची, पहाटे अंधारात रांगेत उभं राहायचं. लोक याला बेथपेजची परंपरा म्हणून कौतुकाने सांगतात. आम्हीही सांगायचो. पण पन्नाशीच्या माणसाने आखडलेल्या पाठीने पहाटे चारला काचेवरचं दव पुसत बसावं, आणि पहिला फटका मारायच्या जागेमागच्या कुंपणावरची पाटी त्याला बजावणार की हे अतिशय कठीण मैदान आहे, फक्त तरबेज खेळाडूंनीच यावं! ही परंपरा गरजेतून आली आहे. वेळा कमी, माणसं जास्त. त्यात तुम्ही आणखी वेळा काढून घेता.

तुमच्या एका खात्यापुरतं हे राहिलेलं नाही, म्हणून राग येतो. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमाजवळचं चेंबर्स बे हे काउंटीचं मैदान. जुन्या रेती-खडीच्या खाणीवर बांधलेलं, 2007 साली उघडलं आणि पुढच्याच वर्षी त्याला 2015 ची यूएस ओपन मिळाली. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, नाजूक फेस्क्यू लावलं होतं, त्याला माणसांची वर्दळ सोसत नाही. त्यात पोआ हे आपोआप उगवणारं गवत घुसलं, दोन गवतं दोन वेगांनी वाढू लागली आणि दुपारपर्यंत पृष्ठभाग गाठीगाठीचा झाला. ब्रोकोलीवर पटिंग करतोय (चेंडू भोकाकडे घरंगळवतोय) असं स्वीडनचा खेळाडू हेन्रिक स्टेन्सन म्हणाला, ते जगाने ऐकलं. आठव्या होलवर प्रेक्षकांना जागाच नव्हती. शेवटी 2018-19 मध्ये काउंटीला सगळ्या ग्रीन उखडून पोआच लावावं लागलं. तेवढे महिने तिथल्या रोजच्या खेळाडूंनी कुठे खेळायचं? सॅन फ्रान्सिस्कोचं हार्डिंग पार्क तर 1998 साली शेजारच्या ऑलिंपिक क्लबातल्या यूएस ओपनसाठी गाड्या लावायला वापरलं गेलं. खाजगी क्लबात स्पर्धा आणि जनतेच्या फेअरवेवर पार्किंग! त्याच मैदानावर 2020 साली पीजीए चॅम्पियनशिप झाली. म्हणजे जनतेचं मैदान दुर्लक्षित असतं तेव्हा गाडीतळ होतं आणि सुधारलं की मांडव. आमच्या वाट्याला मधले दिवस येतात. आणि ‘पब्लिक’ हा शब्द तरी किती ताणायचा? पेबल बीचही पब्लिकच म्हणवतो, तिथे एका फेरीला 600 डॉलरच्या वर मोजावे लागतात. उद्या बेथपेजचा शब्दही तसाच पोकळ होऊ नये.

तेव्हा मागणी साधी आहे. 2028 आणि 2033 च्या स्पर्धांचे करार संकेतस्थळावर, शोधावे न लागता सापडतील असे ठेवा. त्यात जमीन पूर्ववत करण्याचं वेगळं कलम असू द्या. कुठल्या मैदानाचा किती एकर भाग मांडवाखाली आणि रस्त्याखाली गेला, आधी आणि नंतर मातीचा दाब किती होता, सुळे किती खोल घातले, बी कोणतं आणि किती टाकलं, खर्च कुणाचा, हे सगळं त्यात आकड्यांत हवं. मैदान किती दिवस पूर्ण आणि किती दिवस अर्धवट बंद राहिलं, तेही महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध करा. बुडालेल्या वेळांच्या बदल्यात पुढच्या हंगामात रहिवाशांना तेवढ्या जादा वेळा द्या. बाहेरून येणारे आमच्यातले न्यू जर्सीकर दुप्पट दर भरतात, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण दुप्पट घेऊन दाबलेली जमीन देऊ नका.

राहिला एक प्रश्न. त्याचं उत्तर आत्ताच द्या, कारण पुढे उशीर होईल. 2020 चा अपवाद सोडला तर 2019 पासून पुरुषांची पीजीए चॅम्पियनशिप मे महिन्यात होते. मे महिन्यात पोआला तुरे येतात. ग्रीनवर वसंतात घातलेली भोकं भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि मार्चमध्ये लाँग आयलंडवर गवत वाढतच नसतं. म्हणजे त्या वर्षी वसंतातलं काम टळणार हे जवळपास ठरलेलं. मग सगळा भार आदल्या शरदावर येतो. 2032 च्या सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे ब्लॅकवर कुठलाही मांडव, ट्रक किंवा पाहुण्यांची खास फेरी न ठेवता फक्त सुळे, वाळू आणि बी यांच्यासाठी राखून ठेवणार का, हे आम्हाला लेखी कळवा.

आपले,
ब्लॅकवर पिशवी खांद्यावर घेऊन चालणारे
लाँग आयलंड, क्वीन्स आणि न्यू जर्सीतले काही मराठी खेळाडू