केवळ तासांवर पात्रता ठरू नये

महोदय,
वैमानिकाच्या पात्रतेची चर्चा आपल्याकडे उड्डाणाच्या तासांभोवतीच फिरते. महासागरावरील उड्डाणाला मात्र निराळी तयारी लागते, कारण किनाऱ्यापासून दूर रडार पोहोचत नाही. तेथे प्रत्येक टप्प्यावर अक्षांश-रेखांश दोन्ही वैमानिकांनी पडताळायचे, उरलेल्या इंधनाचा हिशेब मांडायचा आणि एक इंजिन बंद पडल्यास कोणत्या विमानतळाकडे वळायचे हे आधीच ठरवून ठेवायचे असते. टोरांटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या विमानात २४ ऑगस्ट २००१ रोजी अटलांटिकवर इंधनगळती झाली, तेव्हा वैमानिकांनी तपासणी-सूची न उघडता स्मरणावर विसंबून दोन्ही बाजूंच्या इंधनाचा समतोल साधण्याचा प्रयत्न केला आणि चांगल्या टाकीतले इंधनही गळतीवाटे गेले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर त्यांनी विमान तरंगत अझोर्स बेटांवर उतरवले व सर्व ३०६ जण वाचले, हे कौशल्य वादातीतच. पण कॅप्टनच्या गाठी १६ हजारांहून अधिक तासांचा अनुभव असूनही सूची उघडली गेली नव्हती. असे प्रसंग सिम्युलेटरमध्ये किती वेळा घोटून घेतले जातात, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांसाठी जाहीर करावे.

– एक वाचक, ठाणे