सातवी

विश्रामबाग, सांगली
15 फेब्रुवारी 2026

प्रिय वैशू,

सप्रेम नमस्कार. फोनवर बोलणार होते, पण फुटबॉलचा विषय निघाला की तू गप्प होतेस आणि मग मीही पोरांच्या परीक्षांवर येते. म्हणून लिहिते.

आशियाई महिला चषकाचे गट तू पाहिलेस का? आपल्या गटात जपान आहे, व्हिएतनाम आहे, आणि तिसरा संघ चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. ते नाव वाचल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

23 जानेवारी 2022. नवी मुंबईत आपल्या मुलींचा याच तैपेईशी सामना होता. तीन दिवस आधी डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी 0-0 झालं होतं. इराणच्या गोलकीपरनं काय काय अडवलं होतं, आठवतंय? जिंकायलाच हवा होता तो सामना, म्हणून सगळी भिस्त तैपेईवर. आणि त्याच दिवशी कळलं की संघात कोरोना शिरलाय, तेरा खेळाडूही उभ्या करता येत नाहीत. सामना झालाच नाही. नियमाप्रमाणे भारतानं स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणशी झालेली बरोबरीसुद्धा रद्द झाली. घरच्या मैदानावर नव्वद मिनिटं धावल्या त्या पोरी, आणि त्याचा एक गुण कागदावरही उरला नाही.

त्या रात्री मला हॉटेलच्या खोल्यांत एकेकट्या बसलेल्या मुलीच दिसत होत्या. ताप आलेली प्रत्येक जण मनात म्हणत असणार, माझ्यामुळे झालं. वैशू, मला ते ठाऊक आहे. आठवीत कांजिण्या आधी मला आल्या. मग वसतिगृहातल्या चौघींना. मी घरात कडुलिंबाच्या पाल्यावर पडून होते आणि तुम्ही सहा जणी पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला गेलात. सामना सुरू व्हायला निदान सात लागतात. समोरचा संघ रांगेत उभा, पंच घड्याळ बघतायत, आणि तू त्यांना सांगतेयस, ‘सर, सातवी येतेय, रस्त्यात आहे.’ हे मला सुनंदानं नंतर सांगितलं. तू कधीच नाही. सातवी रस्त्यात नव्हती, सातवी मी होते.

दादाचे बूट पुढे कागद कोंबून घालायचीस तू, आणि तरी कॉर्नर बरोबर माझ्या डोक्यावर यायचा. त्यानंतर तू मैदानावर पाय ठेवला नाहीस. तुला कर्णधार केलं होतं म्हणून तू स्वतःला दोष देत राहिलीस, आणि मी ‘माझ्यामुळे’ हा एक शब्द इतकी वर्षं तोंडातून काढला नाही. आज काढते.

आता गेल्या वर्षीचं सांगते, कारण तू तो सामना पाहिला नाहीस. पात्रता फेरी थायलंडमध्ये, चियांग माईला होती. मंगोलियाला 13-0 (एकट्या प्यारी खाखाचे पाच), तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0. शेवटचा सामना 5 जुलैला, यजमान थायलंडशीच. त्यांनी दोन विश्वचषक खेळलेले, क्रमवारीत आपल्या कितीतरी वर. आणि गंमत बघ, तोवर दोन्ही संघांचे गोल बावीस-बावीस, एकही खाल्लेला नाही! गटातून जाणार एकच. 29व्या मिनिटाला संगीता बासफोरनं गोल केला. मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं फेडला. मग ते चढत राहिले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, कारण कढईकडे लक्षच नव्हतं. 74व्या मिनिटाला परत संगीता. बंगालमधल्या कल्याणीची पोरगी. 2-1. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात जायची आपल्या मुलींची ही पहिलीच वेळ. मी रडले, अगं. आईला वाटलं, कुणी गेलं.

नोव्हेंबरात क्रिकेटचा विश्वचषक आला तेव्हा आपली सांगली रात्रभर जागी होती. स्मृती आपल्या गावची, मीही फटाके वाजवले. तो अंतिम सामनाही त्याच डी. वाय. पाटीलवर झाला. सगळे नाचत होते आणि मला मध्येच तो 0-0 आठवला. कुणाचं कौतुक कमी व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. पण आपल्या गल्लीतल्या किती जणांना मनीषा कल्याणचं नाव माहीत आहे? होशियारपूरकडच्या खेड्यातली मुलगी, युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग खेळलेली पहिली भारतीय. ब्राझीलला त्यांच्याच देशात गोल मारलाय तिनं. सामना 6-1नं हरलो, पण तो एक गोल मी मुलींना दर रविवारी दाखवते.

हो, मुलींना. तुला सांगायचं राहिलंच. दिवाळीपासून मी रविवारी सकाळी पोरींना घेऊन मैदानावर जाते. सुरुवातीला चार होत्या, आता अकरा. हळदीच्या पेठेतल्या हमालाची मुलगी आहे एक, डाव्या पायानं असा चेंडू टाकते की तुझी आठवण येते. कॉर्नर शिकवायला मात्र मला जमत नाही. मी कायम डोकं लावणारी होते, टाकणारी नाही.

तैपेईशी सामना 10 मार्चला, सिडनीत. मंगळवार आहे. तिकडे संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे दुपार. पोरींना आमच्या हॉलमध्येच बोलावलंय, चटया टाकून. त्या चार वर्षांपूर्वीच्या सामन्याबद्दल मी त्यांना सगळं सांगितलंय. आपल्याबद्दल अजून नाही. ते तू असताना सांगेन.

रजा टाक आणि रविवारीच ये. पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघालीस तर जेवायला पोचशील, सोमवारी पोरींना मैदानावर भेटता येईल. भडंग करून ठेवते, तुला हवं तसं लसूण जास्त घालून. बुटाचं माप कळव, या वेळी कागद कोंबायला नको.

तुझी,
रेखा