बिली ब्रॅगची दखल घ्यावी

महोदय,

ब्रिटिश रॉक संगीताविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बिली ब्रॅगचे नाव क्वचितच येते, याची मला मनापासून खंत वाटते. पूर्व लंडनमधील बार्किंग येथे १९५७ मध्ये जन्मलेला हा गायक-गीतकार १९८१ मध्ये सैन्यात भरती झाला, पण तीन महिन्यांतच १७५ पौंड भरून त्याने स्वतःची सुटका करून घेतली आणि केवळ एका इलेक्ट्रिक गिटारच्या बळावर तो एकट्याने गाऊ लागला. १९८३ मध्ये रेडिओ निवेदक जॉन पील आपल्याला भूक लागल्याचे कार्यक्रमात बोलून गेले, तेव्हा ब्रॅग मशरूम बिर्याणी घेऊन थेट बीबीसीत पोहोचला. त्याचे गाणे त्या रात्री वाजले खरे, मात्र तबकडी चुकीच्या गतीने फिरली.

१९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात त्याने संपकऱ्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम केले आणि माझ्या मते त्याची खरी जडणघडण तेथेच झाली. आपल्या रेकॉर्डसाठी ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे देऊ नका, असे तो वेष्टनावरच छापून घेत असे. श्रोत्याच्या खिशाची इतकी काळजी वाहणारा दुसरा कलावंत मला ठाऊक नाही. २००७ मध्ये त्याने सुरू केलेल्या ‘जेल गिटार डोअर्स’ या उपक्रमातून तुरुंगांतील कैद्यांपर्यंत गिटार पोहोचल्या. आपल्या रविवार पुरवणीत त्याच्यावर सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे