उमीचे वडील महायुद्धात गेले नाहीत

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत, बालविभागात, शब्दकोड्याच्या शेजारी 'फ्रॉम अप ऑन पॉपी हिल' या जपानी अ‍ॅनिमेशनपटाचं परीक्षण आलं आहे. काल दिवसभर स्वतःला समजावलं की जाऊ दे. आज सकाळी ते पुन्हा वाचलं आणि लिहायला बसले.

परीक्षक लिहितात की नायिका 'युमी' (खरं नाव उमी) हिचे वडील 'दुसऱ्या महायुद्धात कामी आले'. साधी बेरीज-वजाबाकी करून पाहा. चित्रपट घडतो १९६३ साली, योकोहामात. मुलगी १६ वर्षांची आहे, म्हणजे जन्म १९४७ च्या आसपासचा. महायुद्ध १९४५ च्या ऑगस्टमध्ये संपलं. शिवाय तिच्या पाठीवर एक बहीण आहे आणि एक भाऊ. महायुद्धात गेलेल्या माणसाला ही तीन मुलं कधी झाली? हा प्रश्न परीक्षकांना पडला नाही, आणि छपाईपूर्वी ज्यांनी कोणी मजकूर वाचला असेल त्यांनाही पडला नाही.

तिचे वडील कोरियन युद्धात गेले. तेही सैनिक म्हणून नाही. जपान तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता. १९४७ च्या राज्यघटनेने त्याने युद्ध कायमचं सोडलं होतं. तीनच वर्षांनी शेजारच्या कोरियात लढाई पेटली. अमेरिकेचं सामान पोचवायला बोटी लागत होत्या आणि त्या बोटींवर जपानी खलाशी होते. समुद्रातले सुरुंग काढायला गेलेल्या जपानी बोटींची गोष्ट तर सरकारने बराच काळ बाहेर येऊ दिली नाही. उमीचे वडील अशाच एका मालवाहू बोटीचे कप्तान. बोट सुरुंगावर गेली. युद्ध दुसऱ्यांचं, देश म्हणतो आम्ही लढतच नाही, आणि घरातला माणूस तर गेलेला. चित्रपट उभा आहे तो यावर. तुमच्या परीक्षणात तो पायाच काढून टाकला आहे, आणि वर म्हटलं आहे की 'कथेत फारसं काही घडत नाही'.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते.

माझे वडील तेलाच्या बोटीवर पंपमन, म्हणजे पंप सांभाळणारे, होते. आमचं घर हर्णैला, बंदरापासून दहा मिनिटांवर. गच्चीत उभं राहिलं की सुवर्णदुर्ग दिसतो. बाबा आठ-नऊ महिने बोटीवर आणि दोन-तीन महिने घरी. ते घरी असले की मला बोटींची निशाणं, म्हणजे एकेका इंग्रजी अक्षराचे झेंडे, शिकवायचे. पाटीवर रंगीत खडूंनी चौकोन काढायचे. चार घरं, दोन तांबडी, दोन पांढरी, तिरपी समोरासमोर, हे 'यू'. बाहेर निळं, आत पांढरं, मध्ये तांबडं, हे 'डब्ल्यू'. दोन्ही एकाखाली एक चढवली की अर्थ होतो, 'तुमचा प्रवास सुखाचा होवो'. जगातल्या कुठल्याही बोटीवरच्या माणसाला ते कळतं.

१९८४ च्या पावसाळ्यात बाबांची टँकर बोट आखातात होती. इराण आणि इराक यांची लढाई तेव्हा चार वर्षं चालली होती आणि दोन्ही बाजूंनी तेलाच्या बोटींवर मारा सुरू झाला होता. एक क्षेपणास्त्र इंजिन रूमच्या बाजूला लागलं. आम्हाला तार आली सहाव्या दिवशी. मी तेव्हा ११ वर्षांची होते. बाबांची पेटी आली दिवाळीनंतर. आत कपडे होते, माझ्यासाठी घेतलेली रंगीत पेन्सिलींची डबी होती.

पुढच्या २६ जानेवारीला शाळेत सैनिकांच्या कुटुंबांचा सत्कार होता. कोणीतरी आईचंही नाव घातलं. शिपाई घरी निरोप घेऊन आला. आईला जायचं नव्हतं, आजीने आग्रह करून पाठवलं. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. झेंडावंदन झालं, नावं पुकारायला सुरुवात झाली. मग मंचावर कुजबुज झाली. एक गृहस्थ खाली आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, जरा गैरसमज झाला. हे लढाईत गेलेल्यांसाठी आहे. तुमचे मिस्टर नोकरीवर असताना वारले." तिला उठवून मागे बसवलं. तिच्यासाठी आणलेले खण-नारळ टेबलावरच राहिले. मी मुलींच्या रांगेत उभी होते. 'जन गण मन' नुकतंच झालं होतं आणि माझ्या हातात कागदाचा झेंडा होता.

आई त्यानंतर शाळेच्या आवारात कधीही आली नाही. माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा नाही.

तर संपादक महाशय, 'महायुद्धात कामी आले' या तीन शब्दांनी काय होतं ते आता लक्षात घ्या. महायुद्धात गेलेल्याला नाव मिळतं, स्मारक मिळतं, लोक टोपी काढतात. दुसऱ्याच्या युद्धात सामान पोचवताना गेलेल्याला काहीच मिळत नाही. म्हणून तर ही मुलगी रोज पहाटे उठून गॅस पेटवते, भात ठेवते, आणि टेकडीवरच्या अंगणात जाऊन 'यू' आणि 'डब्ल्यू' चढवते. वडील बोटीवर असताना ती निशाणं लावायची, म्हणजे ते वाट न चुकता घरी येतील. ते गेले, तरी निशाणं थांबली नाहीत. गावाने लावली नाहीत, सरकारने लावली नाहीत, म्हणून मुलगी लावते. तुमचे परीक्षक याला 'घरावरच्या रंगीबेरंगी पताका' म्हणतात! पताका लग्नमांडवाला असतात.

आणि खालच्या खाडीतून जाणाऱ्या टगबोटीवरून तिला उत्तर येत असतं. कुंपणाच्या झाडीमुळे ते तिला दिसत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चित्रकार मुलीला दिसतं, आणि उमीला ते कळतं तिच्या चित्रातून. त्या प्रसंगाला मी रडले, ५१ व्या वर्षी, स्वतःच्या मुलीच्या शेजारी बसून. परीक्षणात या प्रसंगाचा उल्लेखही नाही.

नावाचंही सांगायला हवं. 'युमी' नव्हे, उमी. जपानीत उमी म्हणजे समुद्र. बहीण सोरा, म्हणजे आकाश. भाऊ रिकू, म्हणजे जमीन. एका दर्यावर्दीने आपल्या तीन मुलांना ठेवलेली नावं आहेत ही. परीक्षणात नऊ वेळा 'युमी' आलं आहे. दिग्दर्शकाचं नावही चुकलं आहे. हयाओ मियाझाकी पटकथेत आहेत, केइको निवा यांच्यासोबत. दिग्दर्शन त्यांच्या मुलाचं, गोरो मियाझाकी यांचं, २०११ सालचं.

उमी आणि तिला आवडणारा मुलगा शुन हे भाऊ-बहीण तर नाहीत ना, या पेचाला परीक्षक 'जुन्या हिंदी सिनेमातला योगायोग' म्हणतात. त्यांनी उमीचे वडील आणि त्यांचे दोन मित्र यांचा तो फोटो नीट पाहिला का? एक मित्र युद्धानंतर परदेशातल्या जपान्यांना मायदेशी आणणाऱ्या बोटीवर मेला. त्या वर्षांत ६० लाखांहून अधिक माणसं अशी परत आली, तेव्हा अशा बोटी किती चालल्या असतील याचा अंदाज करा. त्याची बायको बाळंतपणात गेली. सांभाळायला नातेवाईक नाहीत, कारण नातेवाईक नागासाकीचे. मूल अनाथाश्रमात जाऊ नये म्हणून उमीच्या वडिलांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवलं, आणि नुकतंच आपलं बाळ गमावलेल्या एका खलाशी जोडप्याच्या ओटीत घातलं. ते मूल म्हणजे शुन. यात योगायोग कुठे आहे? बॉम्ब पडल्यावर आणि बोटी बुडाल्यावर मुलांचं असंच होतं. आमच्या हर्णैलाही एका घरात दोन आडनावांची मुलं वाढली आहेत. त्यांना कोणी योगायोग म्हटलं नाही.

विद्यार्थ्यांची जुनी इमारत पाडायची की ठेवायची, हा भाग परीक्षकांना 'साफसफाईची लांबलेली दृश्यं' वाटला. टोकियो ऑलिम्पिक १९६४ चं, त्याच्या आदल्या वर्षी सगळीकडे जुनं पाडून नवं चाललेलं, त्यात मुली झाडू-बादल्या घेऊन एक मोडकी इमारत उभी करतात. मला तो भाग फार आवडला. त्यावर याहून जास्त लिहीत नाही, पत्र लांबतं आहे.

माझी आई ८१ वर्षांची आहे. हा चित्रपट तिने मागच्या वर्षी आमच्याबरोबर नेटफ्लिक्सवर पाहिला. इंग्रजी संवाद मी तिला मराठीत सांगत होते. एका जागी मी गप्प झाले. उमीला स्वप्न पडतं. त्यात आई स्वयंपाकघरात आहे आणि वडील घरी आलेले आहेत. आई म्हणाली, "हे सांगू नकोस, हे कळलं मला." काल परीक्षण तिनेच आधी वाचलं, भिंग लावून. मला हाक मारून विचारलं, "हिचा बाप आपल्यासारखा बोटीवरचा होता ना गं? मग हे असं का लिहिलंय?"

जाता जाता आणखी एक. आमच्या आवृत्तीत पान दोनवर भरती-ओहोटीचं कोष्टक यायचं. गेल्या जूनपासून ते बंद आहे. त्या जागी राशिभविष्य मोठं झालं आहे. इथल्या मासेमारी बोटींवरची माणसं ते कापून खिशात ठेवायची. मोबाइलवर मिळतं हे मलाही माहीत आहे, पण भिजलेल्या हातांनी मोबाइल चालत नाही. ते पुन्हा सुरू करावं.

परीक्षणाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी ही विनंती. बालविभागात नको, मुख्य पुरवणीत हवी. त्यात 'कोरियन युद्ध' हे शब्द स्पष्ट असावेत, वडील मालवाहू बोटीवर होते हे असावं, आणि मुलीचं नाव उमी असं असावं. अक्षर जरा मोठं घेतलंत तर बरं, आईला वाचता येईल.

आपली,
एका पंपमनची मुलगी
हर्णै, ता. दापोली