'मला'चं 'आय' करून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या वर्गाची तपासणी झाली. नर्सिंगच्या मुलींना मी इंग्रजी शिकवते. मागच्या बाकावर बसलेले साहेब जाताना वहीत शेरा लिहून गेले : 'तासाला मराठीचा वापर जास्त.' वाचलं आणि तुम्हीच डोळ्यांपुढे आलात. आभार मानायला फार उशीर झालाय, म्हणून आता चारचौघांत मानते.

आम्ही पाचवीपासून इंग्रजीवाले. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आमची दहावी होऊन गेली होती. सातवीत आम्हाला एक नियम होता. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द तोंडातून निघाला की चार आणे दंड. डब्यात एक नाणं पडलं नाही, कारण वर्षभर कुणी तोंडच उघडलं नाही.

मग आठवीत तुम्ही आलात. माझा रजेचा अर्ज तुम्हाला आठवत नसेल. त्यात मी लिहिलं होतं, 'मी केम फीव्हर'. तुम्ही हसला नाहीत, लाल रेघही मारली नाहीत. फळ्यावर लिहिलंत : मला ताप आला. मला भूक लागली. मला पोहता येतं. मला आई आठवते. आणि विचारलंत, "येतं कोण? लागतं कोण?" ताप, भूक, आम्ही ओरडलो. "बघा, मराठीत ताप येतो, भूक लागते, आपण नुसते बसून असतो. इंग्रजीत माणसाला उठून पुढं यावं लागतं." शेजारी चार वाक्यं उतरली : आय हॅव अ फीव्हर, आय ॲम हंग्री, आय कॅन स्विम, आय मिस माय मदर. आमच्या एका 'मला'साठी तिकडे चार तऱ्हा! वर म्हणालात, इंग्रजीतला 'मी' हा आपला मी नव्हे, तो 'मला' आहे. माझा ताप त्या दिवशी खरा उतरला.

आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, बोर खाल्लं. इंग्रजीत सगळ्याला एकच 'एट'. "इथं तर इंग्रजी सोपी आहे, घाबरता कशाला रे?" हे मराठी शेजारी ठेवल्याशिवाय कुणाला दिसलं असतं?

पण तुम्ही मराठीचे लाडही केले नाहीत. धडाच्या धडा मराठीत सांगून मोकळं होणं तुम्हाला खपायचं नाही. मुद्दा कळला की, "आता मराठी खुंटीला टांगा," आणि पुढची वीस मिनिटं फक्त इंग्रजी. चुकलं तरी चालेल, थांबायचं नाही. माझ्या वर्गात ही खुंटी अजून नीट बसलेली नाही. साहेबांचा शेरा तेवढ्यापुरता खरा आहे.

एक गोष्ट मात्र मला शिकवायला लागल्यावर कळली. बंजारा तांड्यावरून येणारा एक मुलगा मराठीतही गप्प असायचा. तुम्ही त्याला विचारलंत, "तुमच्याकडं आईला काय म्हणतात?" तो पुटपुटला, "याडी." तुम्ही फळ्यावर तीन शब्द एका ओळीत लिहिलेत : याडी, आई, मदर. आम्ही सगळे ज्याला मातृभाषा म्हणत होतो ती त्याची दुसरी भाषा होती आणि इंग्रजी तिसरी. त्या दिवसापासून तो हात वर करू लागला.

परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पेशंट म्हणाला, मला कसंतरी होतंय, तर डॉक्टरांना इंग्रजीत काय सांगायचं?" अर्धा तास गेला. मळमळ म्हणावं तर ते नव्हे, चक्कर म्हणावी तर तीही नव्हे. शेवटी ठरलं, आधी पेशंटलाच मराठीत विचारायचं, कसंतरी म्हणजे नेमकं कसं, पोटात की डोक्यात, आणि मग इंग्रजीत सांगायचं. बाई, तुम्ही फळ्यावर काय लिहिलं असतंत?

तुमची विद्यार्थिनी,
'मी केम फीव्हर'वाली